नुसता रक्तदाब

सांगलीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या दंडाची पट्टी सोडली, पुन्हा बांधली, पाऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हवालदार, तुम्हाला हायपरटेन्शन आहे."

हायपरटेन्शन म्हणजे रक्तदाब वाढणं. पाटात मावेल त्याहून जास्त पाणी सोडलं की पाटाच्या कडांवर जोर येतो, तसा नसांवर येतो, असं त्यांनी समजावलं. मला आधी रागच आला. लढाईत वाळवंटात राहून आलो, तेव्हा साधा ताप आला नव्हता. आता मेढ्याजवळ घरचा भात लावताना मान ठणकते काय, नाकातून रक्त येतं काय. साताऱ्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन इकडे पाठवलं, तोही मला फुकटचा उपद्व्याप वाटला होता.

या दवाखान्यात प्रत्येक रोगाला नंबर होता. छापील पुस्तकात पाहून डॉक्टर तो केसपेपरवर लिहीत. रक्तदाब एकटाच असेल तर एक नंबर, त्याने हृदय धरलं असेल तर दुसरा, मूत्रपिंडं बिघडली असतील तर तिसरा. मूत्रपिंडं म्हणजे कमरेच्या वर दोन्ही बाजूंना असलेली, रक्त गाळणारी इंद्रियं.

"नंबराने काय फरक पडतो?" मी विचारलं.

"पुढचं सगळं त्यावर ठरतं," डॉक्टर म्हणाले. "पहिला असेल तर सांभाळून पुष्कळ जगता येतं. तिसरा असेल तर आमच्या हातात फारसं काही राहत नाही."

पलटणीत मी जन्मभर नंबरानेच ओळखला गेलो, पण नंबराची भीती वाटली ती तेव्हाच.

छातीचा फोटो काढला. हृदय ठीक निघालं. लघवीत मात्र अल्ब्युमिनची छटा दिसली. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं सत्त्व. मूत्रपिंडं नीट असली तर ते बाहेर जाऊ देत नाहीत. डॉक्टरांनी नंबराची जागा कोरी ठेवली. "मीठ बंद, पूर्ण आराम आणि झोपेची गोळी. दाब उतरतो का पाहू, मग लिहू."

माझी बायको हौसा दवाखान्यामागच्या धर्मशाळेत उतरली होती. तिथल्या ओसरीवर तीन दगड मांडून ती स्वयंपाक करायची आणि डबा घेऊन यायची. पथ्याच्या बाबतीत ती सुभेदारापेक्षा कडक. शेजारच्या खाटेवरून कुणी लोणच्याची फोड पुढे केली तर हात आडवा घालायची. मी कुरकुरलो की म्हणायची, "आवं, तुमी गप जेवा. डाक्टर सांगंल तसंच हुनार."

दाब काही उतरेना. रोज पट्टी बांधायची, रोज पारा तिथेच. डॉक्टरांचा चेहरा उतरत चालला. एका सकाळी ते म्हणाले, "आराम आणि बिनमिठाचं जेवण असूनही फरक नाही. मला मूत्रपिंडांचीच शंका येते. उद्या नंबर लिहून टाकू."

हौसा डबा घेऊन तिथेच उभी होती. डॉक्टरांनी तिला सहज विचारलं, "बाई, जेवणात मीठ जात नाही ना?"

तिला ते झोंबलं. "तुमी सांगितल्यापास्नं मिठाचा खडा शिवली न्हाई म्या. बघा, चाखून बघा." तिने डबा उघडून त्यांच्यासमोर धरला.

डॉक्टरांनी दुधीची एक फोड तोंडात टाकली आणि थांबले. "बाई, ही तर खारट आहे."

"ते शेंदेलोन हाय, मीठ न्हवं. एकादशीला आमच्यात मीठ चालत न्हाई, शेंदेलोन चालतं. उपासाला चालतं ते आजाऱ्याला चालंना व्हय?"

डॉक्टर माझ्या खाटेच्या कडेवर बसले आणि पोट धरून हसले. "देवाला चालत असेल, बाई. यांच्या रक्ताला दोन्ही एकच."

मलाही कधी शंका आली नव्हती. एकादशीचं जेवण मला लहानपणापासून असंच लागायचं. आमच्या घरात मीठ वेगळं, शेंदेलोण म्हणजे उपासाचं सैंधव वेगळं. दोन्हींच्या बरण्या वेगळ्या आणि दिवसही वेगळे.

हौसा मात्र हसली नाही. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "माझ्याच हातानं घातलं की वं म्या." तिचे डोळे भरले. मी तिच्यावर खेकसलो, कारण धीर कसा द्यायचा ते मला येत नव्हतं. पण खरं सांगतो, त्या घटकेला मला फार आनंद झाला होता. चूक सापडली होती, म्हणजे नंबर अजून ठरायचा होता.

मग खरं बिनमिठाचं जेवण सुरू झालं. लिंबू पिळून, लसूण घालूनही ते मातीसारखं लागायचं. एकदा मी ताट सरकवलं, तर हौसाने ते तितकंच पुन्हा पुढे सरकवलं. पारा हळूहळू उतरू लागला. पुढच्या तपासणीत अल्ब्युमिनही दिसलं नाही.

डॉक्टरांनी माझ्यासमोर पेन उघडलं आणि पहिला नंबर लिहिला. "नुसता रक्तदाब. सोबती कुणी नाही. हा जन्मभर राहील, पण नांदायला शिकलात तर छळणार नाही."

तेव्हापासून ते प्रत्येक नव्या रोग्याच्या घरच्यांना शेंदेलोणाचंही विचारू लागले. हौसा तर निघेपर्यंत ओसरीवरच्या बायकांना बजावत होती, "उपास देवाचा, पथ्य डाक्टरचं. दोन्ही एका चुलीवर मिसळू नगा." तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर एवढं करा: घरात काय शिजतं ते डॉक्टरांना सगळं सांगा, अगदी जे तुम्हाला सांगण्यासारखं वाटत नाही तेही. आणि रांधणारीला बोल लावू नका. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, आणि हौसाचे तर फिटणारच नाहीत.

साताऱ्याहून मेढ्याच्या मोटारीत आम्ही शेजारी बसलो. तेव्हा चारचौघांत बायकोला खेटून बसणं बरं दिसत नसे. मोटार सुटली आणि हौसाला गाढ झोप लागली. सांगलीला गेल्यापासून ती अशी झोपलीच नव्हती. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. पुढच्या बाकावरचे गावकरी वळून वळून बघत होते. मी मेढा येईपर्यंत खांदा हलवला नाही.