जाऊबाईंच्या गळ्याचा मालक

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा गळा कारंज्याच्या एका स्टुडिओवाल्याच्या मालकीचा झालाय, ही बातमी मला माझ्याच मोबाईलने दिली. शाळेतून येऊन मी चहा ठेवला होता. यूट्यूबवर टाकलेल्या माझ्या एका व्हिडिओखाली सूचना आली होती, की या गाण्यावर दुसऱ्या कोणाचा तरी कॉपीराइट आहे. आता त्या व्हिडिओत होतं काय? जाऊबाईंच्या एकुलत्या लेकीच्या लग्नात जाऊबाई मांडवात उभ्या राहून विहिणीला चिडवणारं गाणं गात होत्या. गाणं त्यांनीच रचलेलं, आवाज त्यांचा, मांडव आमचा, आणि मोबाईल धरून उभी होते ती मी.

मी ती सूचना त्यांना वाचून दाखवली. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"माहा गळा त्याचा कसा काय झाला? खोकला व्हता तवा औषद देल्लं व्हतं काय त्यानं?"

झालं होतं असं की त्या स्टुडिओवाल्याने माझ्या व्हिडिओतला आवाज उचलला, त्याखाली ढोल घातला आणि गाणं स्वतःच्या नावावर चढवलं. त्या उन्हाळ्यात आमच्या वाशीमकडच्या मालेगावातल्या एकाही वरातीत ते चुकलं नाही.

इहीनबाई आल्या, गाडीभर ऐट,
पिशवीतून निघालं पापडाचं पाकीट!
नको नको म्हनत बसल्या पाटावर,
बुंदीचा डोंगर आला ताटावर!

खरं सांगायचं तर जाऊबाई आधी आतून खूशच झाल्या. वरात दारावरून गेली की त्या पदर सारखा करून ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या, जसं काही नवरदेव त्यांनाच बघायला निघालाय. मी चिडवलं की म्हणायच्या, "मी हवा खायले आली."

मग एके दिवशी त्यांनी माझ्या हातून मोबाईल घेतला आणि गाणं शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचा चेहरा उतरला. शेवटचं कडवं नव्हतं.

आमच्याकडे विहिणीला गाण्यातून काय वाटेल ते बोलता येतं. ती कंजूष, ती खादाड, तिचा नवरा तिला घाबरतो, सगळं चालतं. पण शेवटच्या कडव्यात तिची समजूत काढायची आणि लेक तिच्या ओटीत घालायची. ते म्हटल्याशिवाय बायका जागच्या उठत नाहीत. जाऊबाईंचं कडवं असं होतं :

इहीनबाई माह्या, राग नका धरू,
तुमच्या ओटीत घातलं माहं लेकरू.

तेच गायब. म्हणजे सबंध तालुक्यात जाऊबाईंच्या आवाजात विहिणीची बुंदी निघत होती आणि समजूत कोणीच काढत नव्हतं. त्यात विहीण मेडशीची, फार लांबची नाही. आमच्या पुतणीला सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जाऊबाईंनी तिला आणायला कधी येऊ असं फोनवर विचारलं, तर विहीणबाई "पाहू" म्हणाल्या आणि फोन ठेवला. चार वेळा विचारलं, चारही वेळा "पाहू". इकडे आमच्या घरी खोली सारवून, बाजेला नवी सुतळी लावून झाली होती. जाऊबाईंना रात्रीचं जेवण गोड लागेना.

"चोरलं त्याचं काई नाई," त्या म्हणाल्या. "कापलं काहून? कापनाऱ्याले मी सोडत नाई."

म्हणून आम्ही आधी वाशीमला एका वकिलाकडे गेलो. वकील भले गृहस्थ. मूळ व्हिडिओ आहे का, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत मोबाईल पुढे केला. त्यांनी दोन कडवी ऐकली, पोट धरून हसले आणि बंद केलं. मग त्यांनी गाण्याच्या वाटण्या करायला घेतल्या. शब्द यांचे, म्हणून शब्दांचा हक्क यांचा. गाणारीचा हक्क वेगळा, तोही यांचाच. चाल जुनी, ती सगळ्यांची. आणि ज्याने रेकॉर्डिंग केलं, त्याचा रेकॉर्डिंगवर हक्क.

"म्हंजे हिचा?" जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी त्यांच्या वावराचा धुरा, शेताचा बांधच, सरकवला होता. "हिनं त फक्त मोबाईल धरला!"

आपली अशी मालकी निघालेली पाहून मला जरा गुदगुल्या झाल्या, हे कबूल करते. सातबाऱ्यावर माझं नाव कधी लागलं नाही, निदान कुठेतरी लागलं. पण वकिलांचं पुढचं ऐकून जाऊबाईंनी कान टवकारले. रचणाऱ्याचा आणखी एक हक्क असतो, ते म्हणाले. गाणं विकून टाकलं तरी तो राहतो. कोणी त्याची मोडतोड केली आणि त्याने रचणाऱ्याच्या नावाला बाध आला, तर त्याला थांबवता येतं.

"हे कायद्यात हाये?"

"आहे."

"मंग बाईमानसानंच लिवला असन तो."

एवढा जोर चढल्यावर त्या थांबतात होय! दुसऱ्याच दिवशी आम्ही एसटीने कारंज्याला. बाजारातल्या एका माडीवर स्टुडिओ होता, आणि ज्याच्यावर आम्ही तुटून पडणार होतो तो माणूस अदबीने उठून उभा राहिला. त्याच्या वडिलांचं पूर्वी तिथेच कॅसेटचं दुकान होतं. त्याने आधी पंखा आमच्याकडे वळवला, मग चहा सांगितला. भांडायला आलेल्या माणसाची यात फार पंचाईत होते.

"भाभी, न विचारता घेतलं ही माही गलती, कबूल," तो म्हणाला. "वाटलं, गावातलं जुनं गानं हाये, मालक कोन असनार? पन खुदा की कसम, कापलं मी नाई. जेवढं व्हतं तेवढं घेतलं."

"खोटं," मी म्हणाले. "माझ्या व्हिडिओत पूर्ण गाणं आहे."

त्याने माझा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. पापडाचं पाकीट झालं, बुंदीचा डोंगर झाला. जाऊबाईंनी पुढच्या कडव्यासाठी श्वास घेतला, आणि स्पीकरमधून एक खणखणीत आवाज आला : "चला गं चला, पंगत बसली!" पडदा काळा.

तो आवाज माझा होता.

लग्नात मी मोबाईल बंद करून वाढायला धावले होते. पोळ्या वाढता वाढता ते कडवं मी कानांनी ऐकलं होतं, म्हणून ते रेकॉर्ड झालंच असणार, असं मी इतके दिवस धरून चालले होते. स्वतःचा व्हिडिओ मी शेवटपर्यंत कधी पाहिलाच नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कापणाऱ्याला सोडत नाही म्हणणाऱ्या जाऊबाई माझ्याच शेजारी बसल्या होत्या.

त्यांनी बशीतला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. मग स्टुडिओवाल्याला म्हणाल्या, "चाय चांगला हाये. तू ते गानं काढून टाक बावा. चोर माह्या घरातच सापडला."

त्याने तिथल्या तिथे गाणं काढलं, माझ्या व्हिडिओवरचा दावाही मागे घेतला. पूर्ण गाणं गाऊन देत असाल तर तुमच्या नावाने लावतो, असंही म्हणाला. त्या नुसतं "पाहू" म्हणाल्या, अगदी विहिणीसारखं.

मेडशीला मी आपणहून गेले, जाऊबाई सोबत आल्या. पुतणीने दार उघडलं. चांगली भरलेली, पायावर थोडी सूज. विहीणबाई बाजेवर बसून सोयाबीन निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं : मोबाईल मी बंद केला, पंगतीसाठी केला, गाणं अर्धं राहिलं ते माझ्यामुळे.

"बुंदीचा राग नाई मले," विहीणबाई म्हणाल्या. "खाल्लीच व्हती मी. चांगली व्हती. पोट्टे टॅक्टरवर गानं लावून माह्या दारावरून जातेत, तेबी जाऊ द्या." सुपातला एक खडा त्यांनी बोटाने बाजूला केला. "पन मांडवात म्हनलं व्हतं, लेकरू ओटीत घातलं. मंग गान्यातून तेवढंच काहून काढलं? मले वाटलं, देल्लेलं वापस घेऊन राह्यल्या. आन त्यातच तुमचा फोन, तिले नेतो म्हून."

जाऊबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना हुंदकाच आला. शेवटी त्या जमिनीवर बसल्या आणि ते कडवं म्हणू लागल्या, पण पहिल्या ओळीपुढे त्यांना जाता आलं नाही.

पुढचं विहीणबाईंनी म्हटलं. बेसूर, पण न अडखळता. लग्नापासून त्यांना पाठ होतं. फक्त त्यांनी ते आपल्या बाजूने फिरवून घेतलं होतं :

इहीनबाई माह्या, काळजी नका करू,
माह्या ओटीत हाये आपलं लेकरू.

"माहं गानं बदललं तुमी," जाऊबाई नाक पुसत म्हणाल्या.

"करा मंग केस."

"केस कायची? तुमचंच चांगलं हाये." आणि मग लेकीकडे पाहून, "नेऊ का हिले?"

"न्या. तान्ह्यासंगं वापस आनजा. आपलंच हाये."

पुतणी आत कपड्यांची पिशवी भरायला गेली. दोघी विहिणी आता जवळजवळ बसून पहिल्यापासून गाणं म्हणायला लागल्या होत्या, पाकिटापासून. मी हळूच मोबाईल काढला. जाऊबाईंनी गाता गाता एका हाताने माझ्या साडीचा पदर धरला, आपल्या मांडीखाली घट्ट दाबून ठेवला, आणि ओळ संपल्यावर म्हणाल्या, "आता पंगत बसो नाई तर उठो, तू हालू नोको."