तिसरा जीआरवाय

डिक्शनरीत शब्द शोधायला बसलं की शब्द सापडतो एखादा, पण किस्से मात्र ढिगाने जमतात! आमच्या राजापेठेतल्या चौकडीचं असंच झालं. चौकडी म्हणजे गणिताचे रिटायर्ड वानखडे सर, चांदूर बाजारहून एसटीने येणाऱ्या इंग्रजीच्या रिटायर्ड शोभाताई, अकोल्याचे वकीलसाहेब आणि मी. माझ्याकडे विषय एकच, चहा!

सुरुवात वकीलसाहेबांनी केली. अकोल्यातल्या जठारपेठेच्या घरातली आजोबांच्या काळची जाडजूड इंग्रजी डिक्शनरी त्यांनी सरांकडे आणून ठेवली आणि वर कोडं घातलं.

"अँग्री आणि हंग्री. दोन्हींच्या शेवटी जी-आर-वाय. असा तिसरा शब्द यातून काढून दाखवा. दिवाळीच्या आत सापडला तर डिक्शनरी तुमची. नाही तर परत नेईन!"

आम्हाला गंमत वाटली. सरांना नाही. काकू गेल्यापासून त्यांच्या घरात बोलणारं कोणी नव्हतं, आणि या डिक्शनरीपायी आम्ही रोज सकाळी तिथे जमायला लागलो होतो. एकदा मला दाराशी थांबवून म्हणाले, "हे पुस्तक गेलं, तर मी सकाळी उठू कायले?" दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास आधी गेलो.

*

डिक्शनरी लावलेली असते पहिल्या अक्षराने, आणि आम्हाला हवं होतं शेपूट! म्हणजे सगळी चाळणं आलं. शिवण उसवलेलीच होती, म्हणून सरांनी अक्षरांप्रमाणे गठ्ठे करून वाटले. नियम एकच. अर्थ वाचायचा नाही, फक्त शेवटची तीन अक्षरं बघायची.

शोभाताई 'कॅट'वरच अडकल्या. आठवडा झाला तरी मांजर हलेना.

"ताई, तुमी शोधून राहिल्या का वाचून राहिल्या?"

"सर, नुसतं शेपूट पाह्यलं तर शब्दाले राग येते!"

*

खाली ट्यूशन घेणारे मास्तर एकदा वर डोकावले. "सर, कायले डोळे फोडून घेता? मोबाइलवर मारा, दोन सेकंदात येते!"

सर मान वर न करता म्हणाले, "जेवण बी मोबाइलवर येते. चावा लागते आपल्यालेच!"

त्या दिवसापासून आत शिरताना आमचे सगळ्यांचे मोबाइल पोह्यांच्या डब्यात जमा.

*

एकदा शोभाताई ओरडल्या, "सापडला! अ-हंग्री! जुना शब्द आहे, अर्थ भुकेला." सरांनी ताबडतोब अकोल्याला फोन लावला.

वकीलसाहेब म्हणाले, "ऑब्जेक्शन! हा हंग्रीचाच सख्खा भाऊ. याच्या नावावर डिक्शनरी चढत नाही."

सरांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा गठ्ठा ओढला.

*

पण खरा गोंधळ घातला तो आमच्या आवाजाने. दिवसभर खिडकीतून आमचं "जीआर... जीआर..." चालू. आमच्या गल्लीत निम्मे लोक पेन्शनर. एका सकाळी दारात ही गर्दी!

"सर, नवा जीआर आला म्हणते?"

"आला नाही. शोधून राहिलो."

"मंत्रालयातून निघाला का पण?"

"अहो, जीआर-वाय!"

मागून एक आजोबा आनंदाने म्हणाले, "वाय म्हंजे वाढीव! मी म्हणत नवतो का?"

त्यांना समजावता समजावता माझा चहा आटून गेला.

*

वसुबारसेला वकीलसाहेब आले. सुटे गठ्ठे बांधून न्यायला खांद्यावर मोठा पांढरा दुपट्टा. सगळी अक्षरं झाली होती, फक्त सरांकडचा 'पी' उरला होता.

"चला सर, बांधू का?"

"च्या घ्या तवरोक. थोडंसंच राह्यलं."

वकीलसाहेबांनी चहा घेतला. मग दुसरा घेतला. घड्याळ बघितलं. सरांचं बोट पानावरून खाली सरकत होतं. शोभाताई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. मला तर तिकडे बघवेना.

बोट थांबलं.

"पी... यू... जी... जी-आर-वाय."

"सर," शोभाताई हळूच म्हणाल्या, "आज तरी अर्थ वाचा."

सरांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "हिंदुस्थानात... ऊन लागू नये म्हणून... डोक्याले गुंडाळाचं कापड." ते थांबले. ओठातल्या ओठात म्हणाले, "पग्री. पगरी..." आणि एकदम ओरडले, "अहो वकीलसायेब, पगडी! आपली पगडी हो!"

वकीलसाहेबांनी पान हातात घेतलं. स्वतः वाचलं. उलटवून परत वाचलं. मग कप खाली ठेवून उठले, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि सरांच्या डोक्याला गुंडाळायला लागले.

शेवटचा पेच खोवून होत होता, तेवढ्यात सर म्हणाले, "जरा ढिला ठेवा. खाली पायता आलं पायजे. चौथा बी असनच!"