पायाची नळी आणि सुताचे जोडे

वसईच्या होळी बाजाराच्या पलीकडे हरिभाऊंचा पानमळा होता. मळा कसला, देवघरच होतं ते. आंघोळ केल्याशिवाय आत पाऊल नाही, विडी नाही आणि चामडं तर नाहीच नाही. चपला बांधावर काढायच्या आणि अनवाणी वेलींत शिरायचं, ही त्यांच्या घराची जुनी रीत. बांधाबाहेर मात्र हरिभाऊ विडीवर विडी ओढत. जेवण एक वेळ चुकेल, विडी चुकायची नाही. बोलणं तर इतकं कमी की गिऱ्हाईकसुद्धा म्हणे, "पानं द्या, नाहीतर निदान नाही तरी म्हणा!"

असा माणूस स्वातंत्र्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एकाएकी बोलका झाला. पानांची टोपली घेऊन होळी बाजाराला निघाला की दर फाटकाशी थांबायचा. कुणाची गाय व्याली, कुणाच्या केळीला घड आला, सगळी चौकशी. वाडीतले लोक खूश. "उशिरा का होईना, हरिभाऊ माणसांत आले," असं जो तो म्हणू लागला.

खरं कारण फक्त हरिभाऊंनाच ठाऊक होतं. थोडं चाललं की उजव्या पोटरीला कुणीतरी पिळा घालावा तसं व्हायचं. पाय पुढे उचलवेना. क्षणभर उभं राहिलं की कळ आपोआप जायची. पण भररस्त्यात लंगडत उभं राहायचं कसं? त्यापेक्षा गाईची विचारपूस बरी. नेमकी सर्वांत मोठी कळ यायची ती जुलियानाच्या फाटकापाशी. जुलियाना फुलं विकणारी, हसरी विधवा. "हरिभाव, कटे चालला? बसा की जरा," असं ती आपल्या बोलीत म्हणायची आणि हरिभाऊ सुटकेचा श्वास टाकून ओटीवर टेकायचे.

ही बातमी बायजाच्या कानी गेली नसती तरच नवल. बायजा म्हणजे हरिभाऊंची बायको, तिखट आणि मायाळू, दोन्ही एकाच वेळी. एका संध्याकाळी तिने भाकरी आदळतच विचारलं, "माझ्याशी दिवसाला चार शब्द नाहीत, आणि त्या जुलियानाच्या ओटीवर काय पुराण सांगता?"

हरिभाऊंना पायाच्या कळेची कबुली द्यावीच लागली. बायजा आधी हसली, मग घाबरली, मग कामाला लागली. "वात आहे, दुसरं काही नाही," असं म्हणून तिने वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि पोटरीपासून पावलापर्यंत शेक दिला. चटका बसतोय हे हरिभाऊंना कळलंच नाही, पाऊलच बधिर होतं. सकाळी अंगठ्यावर फोड दिसला. फोड फुटला, जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. कडेने काळसर झाली तेव्हा मात्र बायजाने त्यांना डॉक्टरकडे जायला लावलं. सोपाऱ्याच्या एका नातेवाइकाचा पाय असाच कापावा लागला होता.

वसईत क्लेमेंट डॉक्टर होते, इथलेच, मुंबईत शिकून आलेले. त्यांनी जखम नीट पाहिली. मग पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्यामागे बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधली. डाव्या पायाला बारीक लागली, उजव्याला नाहीच. पाऊल गार होतं.

"हरिभाऊ, रक्त नेणाऱ्या नळ्या आतून पुटं चढून अरुंद झाल्यात. चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून कळ येते. हीच पुटं उद्या काळजाच्या नळीत चढली तर चालायचंच राहून जाईल. त्यात विडी त्या नळ्या आणखी आवळते."

"पाय वाचेल?" हरिभाऊंनी विचारलं.

"विडी आणि पाय, यांतलं एकच राहील. शेक बंद. अनवाणी चालणं बंद. या पायाला काटासुद्धा परवडणार नाही. जखम भरली की चालायचं. कळ आली की थांबायचं, गेली की पुन्हा चालायचं. रोज."

विडी सुटणं म्हणजे जीव सुटण्यासारखंच. हरिभाऊंनी एकच युक्ती काढली. मळ्यात विडी चालत नाही ना, मग दिवसभर मळ्यातच राहायचं! पण मळ्यात जोडाही चालत नव्हता. बाहेर विडी बोलावत होती आणि आत काटे वाट पाहत होते. बायजाने जोडे घाला म्हणून विनवलं तर हरिभाऊ उसळले, "पाय गेला तरी बेहत्तर, मळ्यात चामडं जाणार नाही!"

बायजाने वाद घातला नाही. तिने आपलं जुनं, धुवट लुगडं फाडलं, थरावर थर रचले, गोधडीसारखी दाट शिवण घातली. तळाला काथ्याची जाड वीण. तयार झालेले जोडे अस्वलाच्या पंजासारखे दिसत होते. ते तिने धुतले, वाळवले आणि बांधावर नवऱ्यापुढे ठेवले.

"यात चामडं नाही, सूत आहे. देवाला आपण सूतच नेसवतो ना? मग देवाच्या मळ्यात सुताला कोण अडवणार?"

हरिभाऊंनी जोडे घातले, घाबरत आत शिरले. वेली होत्या तशाच हिरव्या राहिल्या.

पहिले दिवस वाईट गेले. विडीवाचून हरिभाऊ घरादारावर खेकसत होते. बायजा लवंग पुढे करायची आणि कानाडोळा करायची. जखम सावकाश भरली. मग चालणं सुरू झालं. आता ते फाटकापाशी उघड सांगत, "थांबतो हां, पाय दुखतोय." लोक हसत, बसायला पाट टाकत. हळूहळू एक फाटक मागे पडलं, मग दुसरं. पावसाळा सरला तेव्हा हरिभाऊ न थांबता क्लेमेंट डॉक्टरांच्या दारात येऊन उभे राहिले. सोबत बायजा, धापा टाकत.

डॉक्टरांनी पुन्हा बोटं ठेवली. नाडी अजूनही लागत नव्हती. हरिभाऊंचा चेहरा पडला.

"अहो, चालत आलात ना? मोठी नळी तशीच आहे, पण आजूबाजूच्या बारक्या नळ्या रुंद होऊन काम करू लागल्यात."

"म्हणजे मोठा पाट तुंबला, पण पाणी बाजूच्या सऱ्यांतून वाफ्यात पोचलं," हरिभाऊ म्हणाले.

"अगदी तसंच. पण विडी ओढलीत तर त्या सऱ्याही बुजतील."

परतीच्या वाटेवर बायजा म्हणाली, "पाय राहिला खरा. पण भाजला होता तोही मीच. ते मनातून जात नाही माझ्या."

हरिभाऊ थांबले. या वेळी पाय दुखत नव्हता.

"वेडी आहेस. तो फोड आला म्हणून डॉक्टर गाठला मी. नुसती कळ असती, तर पाय सडेपर्यंत लोकांच्या गाईंची चौकशी करत बसलो असतो."

बायजाला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने पदर तोंडाला लावला. हरिभाऊंनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं बरोबरीने घराकडे चालू लागली.