पाण्याकाठची हाक

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी बारामतीत मानसशास्त्र शिकवत होते. बौद्ध धर्म घेतलेल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात जुन्या देवांचं पुढं काय झालं, याचा अभ्यास मी आणि एक भंतेजी मिळून करत होतो. ते पाली आणि धम्माचे अभ्यासक. श्रद्धेचं त्यांनी बघायचं, मनाचं मी, अशी आमची वाटणी होती.

डाळजच्या एका बँक कारकुनानं आम्हाला बोलावलं. त्याची आई भर दुपारी उठून उजनी धरणाच्या पाण्याकडं चालू लागायची. कुणीतरी हाक मारतं म्हणायची. नवी नवरी असताना, धर्मांतराच्या वेळी, घरातले देव तिनंच नदीत सोडले होते. देवीच बोलावतेय, असं शेजारी कुजबुजत. मुलाला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज.

एसटीत आमचा वाद झाला. मला ती अपराधाची बोच वाटत होती, भंतेजींना मागं उरलेली श्रद्धा. हाक देवीचीच, हे मात्र आम्ही दोघंही धरूनच चाललो होतो.

उन्हाळ्यानं पाणी मागं हटलं होतं. बुडालेल्या जुन्या घरांची जोती चिखलातून वर आली होती. आजी तिकडं तोंड करून बसली होती. देवीचं भय वाटतं का, असं भंतेजींनी हळू विचारलं.

"न्हाय. देव सोडलं तवाच सुटलं," ती म्हणाली. "ही माजी धाकटी भैन हाय. माहेरच्या नावानं हाक मारती."

बहीण लहानपणी ह्याच भीमेत वाहून गेली होती. सापडली नव्हती. मुलालाही हे ठाऊक नव्हतं.

त्या बहिणीसाठी परित्राणपाठ करावा, रक्षणाची पाली सूत्रं म्हणावीत, असं भंतेजी म्हणाले. राहून गेलेला निरोप त्यानं घडेल, असं मलाही वाटलं. आमचं पहिल्यांदाच एकमत झालं. पाठ झाला. आजी पोटभर रडली, मग शांत झोपू लागली.

काही दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. अजून हाक येते का, मी विचारलं.

"आता ती न्हाय बोलवत," आजी समाधानानं म्हणाली. "मीच बोलावती. यील ती."

आम्ही ते मुलाला सांगितलं.

मुलानं तिला पाण्यापासून लांब, बारामतीच्या बिऱ्हाडी आणलं. तिथं ती रोज दुपारी दाराची कडी काढून बसायची. सुनेनं लावली की पुन्हा काढायची. पुढच्या उन्हाळ्यात ती झोपेतच गेली. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा सून खालच्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी आत्याबाईंनी आपल्या हातानं कडी लावून घेतली, मग निजल्या."