चार तासांत चौदा किलोमीटर

बारावीनंतर मी चार वर्षं एका खासगी रोपवाटिकेत काम केलं. माझं माहेर डिचोली तालुक्यात, आमोण्याजवळ. वडील सिंधुदुर्गातून खाणीवर ट्रक चालवायला आले आणि मग इथलेच झाले. खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे जे डोंगर उभे राहायचे, त्यांच्यावर झाडं लावायचं काम आमच्या रोपवाटिकेकडे होतं. पिशव्यांत माती भरायची, रोपं डोक्यावरून उतारावर न्यायची आणि पहिला उन्हाळा ती जगवायची. खाणी बंद पडल्या तशी रोपवाटिकाही बंद झाली. त्याच वर्षी लग्न होऊन मी पेडण्यात, पार्से गावी आले.

लग्नानंतर सरकारी माळ्याच्या जागांची जाहिरात वाचली. काम माझ्या हातातलंच होतं. पण अनुभवाचा दाखला हवा होता, आणि रोपवाटिकेचा मालक गाव सोडून गेला होता. त्याचा फोन लागेना. ती जागा होती तिथे आता कुंपण आणि गवत होतं. दाखल्याशिवाय अर्ज करता येत नाही, असं खिडकीवरच्या बाईंनी मला नीट समजावून सांगितलं, आणि मी घरी परत आले.

वनरक्षकाच्या जाहिरातीत अनुभव मागितलेला नव्हता. बारावी पास, उंची ठरल्याइतकी, कोंकणीचं ज्ञान, लेखी परीक्षा, आणि त्याआधी चालण्याची चाचणी. बायकांना चार तासांत चौदा किलोमीटर. मला वाटलं, चालायचं तर आहे. डोंगर चढउतार केलेल्या बाईला डांबरी रस्त्याचं काय.

पहिल्या वेळी मी तयारी अशी केलीच नाही. मुलगी लहान होती. दुपारी ती झोपली की काजूच्या बागेपर्यंत जाऊन यायचे, तेवढंच. चाचणीच्या दिवशी सुरुवातीला सगळ्यांबरोबर धावत सुटले आणि अर्ध्यावरच पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. उरलेलं अंतर कधी चालत, कधी उभी राहत संपवलं. मी पोचले तेव्हा वेळ नोंदवणारे अधिकारी टेबल आवरत होते. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली आणि सावलीत बसायला सांगितलं. किती उशीर झाला ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर नवरा म्हणाला की झालं ते बरं झालं, रानात बाईमाणसाची नोकरी म्हणजे घराचे हाल. तो पिकअप चालवतो, नारळ आणि काजू बाजाराला नेतो. त्याचं बोलणं वाईट मनाने नव्हतं. सासूबाईंनी जेवलीस का विचारलं आणि पेज वाढली.

मग काही वर्षं गेली. मुलगी शाळेत जायला लागली. पुन्हा वनरक्षकाच्या जागा निघाल्या आणि माझं वय अजून अटीत बसत होतं. या वेळी मी ठरवलं की आधी चालायला शिकायचं, अर्ज भरायचा तो त्यानंतर. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, कर तुला हवं ते, पण घरातलं चुकता कामा नये. म्हणून मी पहाट धरली. पोदेराचा भोंगा ऐकू यायच्या आधी निघायचे आणि तो पाव देऊन पुढे जाईपर्यंत परत चुलीपाशी असायचे. अंगात सलवार-कमीज, पायात नवऱ्याचे जुने बूट, पुढे कापूस कोंबलेला.

पाचसहा दिवस झाले असतील. एका पहाटे मी दार उघडलं तर सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. नऊवारी वर खोचलेली, पायात रबरी चपला.

"डॉक्टरान माका चलूक सांगल्यान हा," त्या म्हणाल्या. "मी येतंय तुझ्यावांगडा."

त्यांना साखरेचा त्रास होता हे खरं होतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं हेही खरं. पण ते सांगून वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात त्या विहिरीपलीकडे गेल्या नव्हत्या. मला मनातून नको होतं. त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे माझा वेग गेला असं मी धरून चालले होते.

तसं झालं नाही. सासूबाईंची चाल ठाम होती. चढावर हळू नाही आणि उतारावर जलद नाही. मी पुढे धावायचे, दम लागून थांबायचे, तोपर्यंत त्या मागून येऊन पुढे निघून जायच्या. थोड्या दिवसांनी मी धावणं सोडलं आणि त्यांच्या शेजारून चालायला लागले. आम्ही आगरवाड्याच्या बाजूला जायचो, मिठागरांच्या कडेने. सकाळच्या उजेडात वाफ्यांतलं पाणी पांढरं दिसायचं. चालताना त्या बोलत असत. कुणाच्या घरी कोणता समारंभ आहे, यंदा काजूचा मोहोर कुठे जळाला, माझ्या नवऱ्याला लहानपणी कुत्रा चावला होता तेव्हा काय केलं. मी उत्तरं द्यायचे. बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं आणि तो वेग सोडायचा नाही, एवढंच आमचं शास्त्र होतं. नवऱ्याने एकदा पिकअपच्या काट्यावर अंतर मोजून दिलं. मग तिथून परतीची खूण ठरली, ती महिनाभराने आणखी पुढे सरकली.

दुपारी अभ्यास. सामान्यज्ञान, गणित, इंग्रजी. माझी शाळा मराठीतली. कोंकणी आम्ही बोलतो, पण डिचोलीची एक, पेडण्याची दुसरी, त्यात सासूबाईंची रेडीची मालवणी. कागदावर उत्तर ओळखायची वेळ आली की मला तिन्ही बरोबर वाटायचं. परीक्षा संगणकावर असणार होती, म्हणून आठवड्यातून दोनदा पेडण्याच्या वाचनालयात जाऊन माउस हलवायचा सराव केला. कागदपत्रांत एक अडचण निघाली. शाळेचे दाखले माहेरच्या नावाने, रहिवासी दाखला सासरच्या नावाने. दोन्ही बायका एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ते करायला नवरा स्वतः माझ्याबरोबर आला, तेव्हा मला कळलं की त्याचं मन आता तितकंसं विरुद्ध नाही.

चाचणीच्या आधी एकदा पूर्ण अंतर चालून बघायचं ठरलं. पार्से ते केरीचा फेरीधक्का. मांद्रे, हरमल करत समुद्राच्या बाजूने जायचं, आणि धक्क्यावर नवरा पिकअप घेऊन येणार. पलीकडे तेरेखोल, आणि त्याच्या पुढे रेडी, सासूबाईंचं माहेर. त्या दिवशी आम्ही नेहमीपेक्षा लवकर निघालो. सासूबाईंनी साखरेवरची गोळी घेतली आणि पेज नंतर खाईन म्हणून तशाच निघाल्या. मी लक्ष दिलं नाही. माझं डोकं घड्याळात होतं.

हरमल मागे पडल्यावर त्यांचं बोलणं कमी झालं. मला वाटलं थकल्या असतील. केरीचा धक्का दिसायला लागला तेव्हा त्यांनी माझा हात धरला, आणि तो हात बर्फासारखा गार आणि ओला होता. धक्क्याच्या उतारावर त्या खालीच बसल्या. तोंडावर घाम, ओठ थरथरत होते, आणि मी काय विचारते त्याला उत्तर भलतंच देत होत्या. तिकडे एक बाई चहाचा गाडा लावत होती. मी ओरडून साखर मागितली. तिने पेल्यात पाणी घेऊन मूठभर साखर ढवळली आणि स्वतःच धावत आली. आम्ही दोघींनी मिळून ते त्यांना घोट घोट पाजलं. थोड्या वेळाने त्यांनी पदर सारखा केला, तेव्हा मला रडू आलं.

फेरीबोट आली, माणसं चढली, बोट निघून गेली. आम्ही तिथेच बसलो होतो. नवरा अजून यायचा होता. मी म्हटलं, आई, माझ्यापायी तुमच्या जिवावर बेतलं असतं. उद्यापासून मी एकटी जाईन.

त्या नदीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुका एक सांगतंय. पयल्या दिवशी मी तुझ्यावर नजर ठेवूक इल्लंय. शेजारीण म्हणाली, तुझी सून काळोखात खंय जाता ती बघ."

मी हातातला रिकामा पेला खाली ठेवला.

"मगे माकाच बरा वाटाक लागला," त्या म्हणाल्या. "आता तू नको म्हटलंस तरी मी चलतलंय."

मला आधी राग आला. इतके दिवस शेजारून चालणारी बाई माझ्यावर पाळत ठेवायला आली होती, हे ऐकून कुणालाही येईल. साखरेच्या पाण्याने माझे हात अजून चिकट होते. पण त्यांनी ते लपवलं असतं तर मला कधीच कळलं नसतं, आणि त्यांना सांगायची काही गरजही नव्हती. पिकअप येईपर्यंत आम्ही चहा घेतला. त्यांनी त्यात पाव बुडवून खाल्ला. नवऱ्याला सगळं सांगू नकोस असं त्या म्हणाल्या, पण मी सांगितलं. तो खूप चिडला, माझ्यावरही आणि त्यांच्यावरही. चालणं बंद म्हणाला. सासूबाई त्याला शांतपणे म्हणाल्या की चालण्याने काही झालं नाही, उपाशी गेले म्हणून झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही घरीच राहिलो. तिसऱ्या दिवशी त्या पेज खाऊन, पिशवीत एक उंडा पाव आणि गुळाचा खडा घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. नवरा आतून बघत होता. त्याने आम्हाला अडवलं नाही.

चाचणी दुसऱ्या तालुक्यात होती, जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर. नवऱ्याने त्या दिवशी भाडं घेतलं नाही. सासूबाई पुढच्या सीटवर बसून आल्या. आधी उंची मोजली, मग छातीवर क्रमांक लावला. बऱ्याचजणी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, चांगले बूट घातलेल्या. शिट्टी झाली तशा त्या पळत सुटल्या आणि मी जवळजवळ शेवटी राहिले.

तिथे मला एक गोष्ट कळली, जिचा मी विचारच केला नव्हता. मला एकटीने चालायची सवय राहिली नव्हती. बोलायला कुणी नाही म्हटल्यावर माझा वेग मलाच कळेना. कधी वाटे फार हळू, कधी वाटे दम लागतोय. सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका मुलीला मी म्हटलं, बोलत जाऊया का. ती म्हणाली, "बोलण्यात दम जातो," आणि पुढे गेली. मग मी मनातल्या मनात सासूबाईंना सांगायला लागले. इथे किंदळ आहे, हा शिवण, हा खैर कुणीतरी तोडलाय. ही जीप सारखी मागेपुढे का करते. चाचणीसाठी घेतलेल्या नव्या बुटांनी टाच सोलली, आता मोजा ओला लागतोय. ओठ हलत असावेत, कारण जीपमधल्या एका माणसाने मला विचारलं की ठीक आहात ना.

परतीच्या वाटेवर पुढे गेलेल्या मुली एकेक भेटायला लागल्या. दोघीजणी कठड्यावर बसल्या होत्या. ती सत्तरीची मुलगी पोटऱ्या चोळत होती. मी तिला हात दिला, ती उठली आणि काही अंतर माझ्या शेजारून चालली. या वेळी ती बोलली. तिच्या आईने तिला आदल्या रात्री जेवायलाच दिलं नव्हतं म्हणे, हलकं वाटावं म्हणून. ती वेळेत पोचली, मीही पोचले. घड्याळात अजून थोडा वेळ शिल्लक होता.

सासूबाई पिकअपचं दार उघडं टाकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "झाला?" मी म्हटलं, झालं. त्यांनी माझा बूट काढायला लावला, टाच बघितली आणि नवऱ्याला औषधाच्या दुकानाशी थांबायला सांगितलं.

लेखी परीक्षेत मी काही फार चमकले नाही. गणितात बरी, इंग्रजीत कशीबशी. निवड झालेल्यांत माझं नाव नव्हतं, ते प्रतीक्षा यादीत होतं. पुढे कुणी पोलिसात गेली, कुणी रुजूच झाली नाही, असं करत करत बऱ्याच महिन्यांनी मला बोलावणं आलं. तोपर्यंत मी आशा सोडून काजू फोडायच्या कारखान्यात जायला लागले होते. बोटांवर काजूच्या चिकाचे काळे डाग घेऊनच मी रुजू झाले. सत्तरीची मुलगी माझ्याआधी लागली होती. तिने मला गणवेशाचं कापड कुठला शिंपी नीट शिवतो ते सांगितलं.

माझी पहिली नेमणूक घाटाकडच्या भागात झाली. पार्शाहून रोज जाणंयेणं जमणार नव्हतं. तिथे एका घरात खोली घेतली, सुटीला घरी. मुलीचं शाळेचं, जेवणाचं सगळं सासूबाईंनी अंगावर घेतलं. नवरा सुरुवातीला फोनवर कुरकुर करायचा, मग तोही स्वयंपाकात हात घालायला लागला असं मुलीकडून कळलं.

पहिल्या दिवशी एका जुन्या वनरक्षकाने मला हद्द दाखवली. आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत चालत होतो. नाले, जुन्या आगीच्या खुणा, गव्यांची वाट. त्याने कुठेच घाई केली नाही आणि फारसा बोललाही नाही. संध्याकाळी खोलीवर येऊन मी घरी फोन केला. मुलगी बोलली, नवरा बोलला, मग सासूबाईंनी फोन घेतला. तिथे अजून कोण बाई आहे का, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मी एकटीच. मग त्या म्हणाल्या की घरमालकिणीशी ओळख वाढव आणि तिचं नाव काय ते मला सांग. मी उठून शेजारच्या खोलीत नाव विचारायला गेले.