इस्त्री बिघडली नव्हती

इस्त्रीवाल्या काकूंचा स्वभावच असा, की काही बिनसलं तर दोष आधी वस्तूचा, मग माणसांचा, आणि कोणीच हाती लागलं नाही तर नाइलाजाने स्वतःचा. त्यामुळे शर्टाची कॉलर दाबता दाबता मानेतून आग उसळून तोंड लालबुंद व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी तडक दुरुस्तीवाल्याला बोलावलं. इस्त्री वाजवीपेक्षा जास्त तापते, म्हणाल्या. त्याने ती उघडली, पुसली, बंद केली. आठवडा उलटायच्या आत पुन्हा बोलावणं गेलं. तो स्क्रू काढत असतानाच काकूंना दरदरून घाम फुटला.

"बघ, आत्तासुद्धा कशी भाजतेय," वर्तमानपत्राने वारा घेत त्या म्हणाल्या.

त्याने स्क्रू खाली ठेवला. "काकू, पिन मघाशीच काढलीय. गार आहे ती."

थोरल्या जाऊबाईंनी ऐकताक्षणी निकाल दिला: पाळी जायची वेळ आली. काकूंना ते पटेना. पाळी वयस्कर बायकांची जाते, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि आपण पन्नाशीला टेकलोय हे त्या सोयिस्कर विसरल्या होत्या. जाऊबाईंकडे मात्र समजुतींचं गाठोडंच होतं. अडकलेलं रक्त डोक्यात चढतं, आंबटाला शिवायचं नाही, आणि मुख्य म्हणजे बाहेर वाच्यता करायची नाही, लोक म्हातारीत काढतात. सकाळी धने भिजवलेलं पाणी, झोपताना तळपायांना तेल. काकूंचा यातल्या कशावरही विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी सगळंच करून पाहिलं. शिवाय झोपताना लावायचं तेल दिवसाही चोळलं तर गुण दुप्पट येईल, ही अक्कल त्यांची स्वतःची.

व्हायचं तेच झालं. शाळेच्या मोठ्या बाईंची पांढरी चादर घडी घालताना तिचं टोक पायाखाली आलं, आणि काकू चादरीसकट फरशीवर बसल्या. कंबर वाचली. चादरीवर मात्र पाचही बोटांसकट तळपायाचा तेलकट ठसा उठला. साबण लावून घासघास घासला, तरी पिवळट राहिलाच.

मोठ्या बाई न्यायला आल्या. त्यांच्यासमोर भलेभले पालक चळचळा कापत. काकूंनी आधी फरशी गुळगुळीत असल्याचं सांगितलं, मग चादर फार लांब असल्याचं. बाईंनी घडी उलगडायला घेतली. शेवटी काकूंच्या तोंडून धने, तेल, जाऊबाई, सगळंच भडाभडा बाहेर पडलं.

बाईंनी ठसा निरखला. "खोबरेल का?"

"हो."

"मला तिळाचं सांगितलंय. काडीचा फरक नाही." त्या स्टुलावर टेकल्या. "वर्गात मी खिडकी सोडत नाही. मुलांना वाटतं, बाईंची नजर करडी आहे. मी वारा खात असते."

काकूंना इतकं हसू आलं, की हसता हसताच पुन्हा घाम फुटला. समोर बाईंचंही कपाळ चमकायला लागलं होतं. दुकानात पंखा एकच, आणि त्याच्याखाली काकू. जागा सोडायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं. पण चादर बाईंची होती. काकूंनी उठून ती जागा बाईंना दिली.