घसरगाडीला खोबरेल

"बाबांनी बर्फावरच्या घसरगाडीला साजूक तूप चोपडलं, गाडी जागची हलली नाही, आणि मग बाबा स्वतःच पोटावर घसरत खाली आले."

आमचे चिरंजीव निखिल ही कथा शारजाच्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, चहा गाळून होण्याच्या आत ऐकवतात. या एका वाक्यात तीन विधाने आहेत आणि तिन्ही दुरुस्तीस पात्र आहेत.

पहिले विधान. ते तूप नव्हते. खोबरेल तेल होते.

आमच्या इमारतीतली मराठी कुटुंबे दर उन्हाळ्यात दुबईच्या एका मॉलमध्ये बर्फात खेळायला जातात. बाहेर रस्त्यावर पापड भाजून निघेल असे ऊन, आत यंत्राने पाडलेला बर्फ. तिथे मुलांची घसरगाड्यांची शर्यत होते. गेल्या वर्षी माझी नात इरा शेवटची आली आणि तेव्हापासून शाळेच्या बसमध्ये तिचे नाव 'मिस लास्ट' पडले. यंदा तिने जेवता जेवता जाहीर केले, "आय अ‍ॅम नॉट कमिंग, आजोबा."

"आणि शेवटची येणार नसशील तर?"

तिने वरणभातातून मान वर केली. "प्रॉमिस?"

"शब्द," मी म्हणालो. नऊ वर्षांच्या मुलीला दिलेला शब्द हा करारनाम्याहून कडक असतो, कारण त्यात पळवाटेचे कलम नसते.

शिवाय मी हवेत बोलत नव्हतो. इथल्याच वाळवंटातल्या रुवैसच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात बत्तीस वर्षे मी यंत्रांच्या वंगणाचे काम पाहिले. घर्षण हा माझा व्यावसायिक शत्रू. मी फ्रीजरमध्ये परातभर पाणी गोठवले, परात ओट्यावर तिरपी टेकवली आणि प्लास्टिकच्या डब्याच्या बुडाला क्रमाने मेणबत्ती, साबण, तूप आणि खोबरेल लावून तो बर्फावरून सोडला. (तूप या एकाच चाचणीपुरते वापरले गेले. निखिलच्या संशोधनाचा पाया तो एवढाच.) खोबरेलाचा डबा निर्विवाद पहिला आला. तो परातीवर थांबलाच नाही, शेजारच्या पातेल्यात गेला.

"अहो, माझी आमटी," आमची सौभाग्यवती म्हणाली.

"प्रयोग चालू आहे."

"प्रयोग असू दे. खोबरेल थिजतं. रत्नागिरीला थंडीत बाटली उन्हात ठेवायचो आम्ही. मेणबत्ती लावा गुपचूप."

"रुवैसला बत्तीस वर्षं तेलच बघितलंय मी."

"तिथे थंडी कुठे होती?"

हा प्रश्न मला अप्रस्तुत वाटला. (अजूनही वाटतो.)

शर्यतीच्या दिवशी मुले सहा आणि गाड्या सात होत्या. संशोधकाने स्वतःच्या शोधावर स्वतः बसले पाहिजे, या तत्त्वानुसार सातवी गाडी मी घेतली आणि नाव रीतसर नोंदवले. भाड्याचा जाड कोट चढवला, इराची आणि माझी अशा दोन्ही गाड्या उताराच्या टोकावर उलट्या केल्या आणि खिशातली बाटली काढली. तिथला नेपाळी कर्मचारी जवळ आला.

"अंकल, ये क्या लगा रहे हो?"

"स्पीड के लिए."

"यहाँ तो जम जाएगा."

जगातला प्रत्येक माणूस त्या आठवड्यात मला वंगण शिकवायला निघाला होता. मी उदारपणे दुसरा हातही फिरवला. सगळा डोंगर न्हाव्याच्या दुकानासारखा दरवळू लागला. शिट्टी व्हायला पाच मिनिटे लागली आणि तेवढ्यात, शून्याखालच्या त्या हवेत, माझ्या वंगणाचा डिंक झाला.

शिट्टी झाली. पाच गाड्या गेल्या. दोन राहिल्या.

"आजोबा, इट्स नॉट मूव्हिंग," इरा म्हणाली. ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती हळूच म्हणाली.

इथे दुसरे विधान येते. गाडी जागची हलली नाही हे माझ्या गाडीपुरते सत्य आहे. इराची हलली. मी उतरलो, तिच्या गाडीमागे गेलो आणि आयुष्यभरात कुठल्या पंपाला लावला नसेल इतका जोर लावला. करकर आवाज होऊन गाडी सुटली. माझे पायही सुटले.

आता तिसरे. मी पोटावर आलो, पण 'घसरत खाली आले' हे वर्णन अर्धवट आहे. त्या भाड्याच्या कोटाचे कापड त्या डोंगरावरची सर्वांत वेगवान वस्तू निघाले. घरातले काहीही त्याला न लावता! अर्ध्या उतारावर माझे डोके इराच्या गाडीच्या जवळजवळ शेजारी पोहोचले. तिने वळून पाहिले.

"आजोबा, स्लो डाउन. यू आर बीटिंग मी."

बत्तीस वर्षे मी गोष्टी अडू नयेत म्हणून झटलो. त्या दिवशी मी अडण्यासाठी जे जे उपलब्ध होते ते सर्व बर्फात रोवले: कोपरे, गुडघे, शेवटी हनुवटी. अंतिम रेषेच्या दोन हात अलीकडे मी थांबलो. इरा पार झाली. मग त्या नेपाळी गृहस्थाने "यल्ला, अंकल" (अरबीत 'चला') म्हणत मला कोटाच्या कॉलरला धरून रेषेपलीकडे ओढले. तेल जमण्याविषयी तो एक अक्षर बोलला नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आभार इतरांचेही मानले पाहिजेत. सौभाग्यवतीने ओढणीने माझ्या हनुवटीवरचा बर्फ पुसला आणि रत्नागिरीचा विषय थेट घरी पोहोचल्यावर काढला. निखिलने स्वतःचे कोरडे मोजे काढून माझ्या पायांत चढवले, गरम चहा हातात दिला आणि माझी बोटे उघडेनात तेव्हा पेला स्वतः धरला. इतका गुणी मुलगा इतका वाईट इतिहासकार कसा निघाला, हे कोडे आहे.

आणि इरा माझ्याकडे धावत आली, माझ्या कोटात तोंड खुपसून हसत राहिली. ही पोर मला मिळाली, यासाठी मी कुणाचे आभार मानावेत ते अजून ठरलेले नाही.

तेव्हा तूप म्हणा, खोबरेल म्हणा, पोट म्हणा. मी आता वाद घालत नाही. त्या दिवशीचा निकालाचा कागद मी जपून ठेवला आहे आणि त्यावर स्पष्ट लिहिले आहे: इरा सहावी आली. सातवा मी.